बाई, तुमचा 'एसक्यू' किती?

माध्यमिक शाळेच्या शिक्षकखोलीत वर्षातून दोन-तीनदा तरी प्रश्नावल्या येतात. कुणाचं एम.एड. चाललेलं असतं, कुणाची पीएच.डी. प्रश्नावली आणणारी मुलगी बिचारी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन दारात अवघडून उभी असते. आपल्याला मात्र पुढच्या घंटेच्या आत चहा प्यायचा असतो आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठाही हातावेगळा करायचा असतो. मग 'पूर्णत: सहमत', 'सहमत', 'अनिश्चित' अशा चौकटींमध्ये भराभर खुणा होतात. त्या खुणांची बेरीज होते, तक्ते होतात, जाडजूड बांधणीचा प्रबंध होतो आणि कुणाला तरी पदवी मिळते. यात वावगं काही नाही. आमच्यातल्याही कितीतरी जणी अशाच शिकल्या.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नावल्यांमध्ये एक विषय वारंवार दिसू लागलाय : 'माध्यमिक शिक्षकांची आध्यात्मिक बुद्धिमत्ता आणि त्यांच्या अध्यापनाची परिणामकारकता'. आमच्याकडे तो पहिल्यांदा आला तेव्हा चांगलाच हशा पिकला होता. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे मी मार्गशीर्षातले गुरुवार करते ते लिहायचं का?" दुसऱ्या म्हणाल्या, "मी तर काहीच करत नाही बाई. माझा शून्य!" आणि खेळाच्या सरांनी लगेच सांगून टाकलं, "उन्हात साठ पोरं सांभाळतो, हेच माझं ध्यान. पैकीच्या पैकी द्या."

हसणं संपलं तरी प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. मी बत्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ पर्यवेक्षिका म्हणून. पर्यवेक्षिकेला एक मोठी सोय असते. दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पस्तीस मिनिटं नुसतं बघायचं, आणि नंतर लॉगबुकात शेरा लिहायचा. तिथून बघताना एक गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल. विषयाची तयारी सारखी, टाचणवही तितकीच नीटनेटकी, पदव्याही त्याच. पण एका बाईंच्या तासाला वर्ग जागा असतो आणि दुसऱ्या बाईंच्या तासाला तोच वर्ग नुसता बसलेला असतो. हा फरक कशाचा? तो आतल्या कशाचा तरी आहे असं आपण सगळेच म्हणतो. पण ते 'आतलं' म्हणजे अध्यात्म का?

आधी हे 'एसक्यू' प्रकरण काय आहे ते बघू. १९०५ साली फ्रान्समध्ये बिने आणि सिमॉन यांनी मुलांची बुद्धी मोजायची पहिली चाचणी तयार केली, त्यातून पुढे आपल्या ओळखीचा 'आयक्यू' आला. बुद्धी म्हणजे एवढंच का, असं म्हणत १९८३ साली हॉवर्ड गार्डनर यांनी बहुविध बुद्धिमत्तांचा विचार मांडला. गाणाऱ्याची, खेळाडूची, माणसं ओळखणाऱ्याची अशा वेगवेगळ्या बुद्धी असतात, असं त्यांचं म्हणणं. १९९५ साली डॅनियल गोलमन यांचं भावनिक बुद्धिमत्तेवरचं पुस्तक आलं आणि 'ईक्यू' हा शब्द ऑफिसांपासून लग्नाच्या स्थळांपर्यंत सगळीकडे पोचला. मग २००० साली डाना झोहार आणि इयान मार्शल या दांपत्याचं पुस्तक आलं, 'एसक्यू'. आपण हे का करतो, कशासाठी जगतो, हे प्रश्न विचारायची आणि त्यांच्या उजेडात वागायची जी क्षमता असते ती आध्यात्मिक बुद्धिमत्ता, असा त्यांच्या मांडणीचा सारांश सांगता येईल.

गंमत म्हणजे ज्यांनी बुद्धीची कवाडं उघडली ते गार्डनर इथे अडून बसले. रॉबर्ट एमन्स या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली अध्यात्म हीसुद्धा एक बुद्धिमत्ता मानता येईल असा लेख लिहिला, तेव्हा त्याच नियतकालिकात गार्डनर यांनी विरोधी बाजू मांडली. फार तर 'अस्तित्वविषयक' बुद्धिमत्तेचा विचार करता येईल, पण अध्यात्म नको, अशी त्यांची भूमिका. म्हणजे आपल्या शिक्षकखोलीत जो शब्द ठरल्यासारखा छापून येतो, तो त्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांमध्येच अजून वादाचा आहे. प्रश्नावलीच्या वर हे कुणी लिहीत नाही.

आता मोजायचं कसं? कॅनडातल्या डेव्हिड किंग या संशोधकाने २००८ साली एक मापनी तयार केली. चोवीस विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ९६. तिचे चार भाग आहेत. जगणं, मरण, विश्व यांविषयी खोलात शिरून विचार करता का, हा पहिला. रोजच्या घडामोडींतून, अपयशातूनसुद्धा स्वत:साठी काही अर्थ काढता येतो का, हा दुसरा. आपण म्हणजे फक्त हे शरीर आणि ही नोकरी नव्हे, आपलं इतरांशी काही नातं आहे याची जाणीव असते का, हा तिसरा. आणि ध्यान किंवा तशा शांत, एकाग्र अवस्थेत स्वत:हून जाता येतं का, हा चौथा. उपवास किती करता, पारायण करता का, असं तिथे कुणीही विचारत नाही. गुरुवार करणाऱ्या आमच्या बाईंना त्याबद्दल एकही गुण मिळाला नसता, आणि 'माझा शून्य' म्हणणाऱ्या बाईंना कदाचित सत्तर मिळाले असते!

आपल्याकडे घोटाळा होतो तो शब्दामुळे. मराठीत 'अध्यात्म' म्हटलं की हरिपाठ, सत्संग, बैठका, झालंच तर टीव्हीवरचे बाबा, हेच डोळ्यांपुढे येतं. शाळेत तर हे फारच जपून वापरायला हवं. सरकारच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि अनुदानित शाळेत ते कुणावर लादायचं नाही, असं आपल्या संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं. वर्गात सगळ्या घरांमधली मुलं बसलेली असतात. त्यामुळे आध्यात्मिक शिक्षक म्हणजे वर्गात प्रवचन देणारे शिक्षक, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो मुळातच चुकीचा.

पण शब्द बाजूला ठेवून ते चार भाग पाहिले, तर त्यातला दुसरा आणि तिसरा मला ओळखीचा वाटतो. मागच्या बाकावरून मी तेच तर बघत होते.

दोन बाईंची गोष्ट सांगते. दोघीही आता निवृत्त आहेत, दोघींविषयी मला आदर आहे. पहिल्या रोज पहाटे उठून तासभर ध्यानाला बसायच्या. आवाज कधी चढला नाही, छडी कधी उचलली नाही, चेहऱ्यावर कायम प्रसन्न भाव. त्यांच्या वर्गात गेलं की देवळात गेल्यासारखं शांत वाटायचं. पण वही तपासताना त्या पानं मोजून सही करायच्या, आणि वर्गात मुलं बसायची गुणांच्या क्रमाने : हुशार पुढे, 'ढ' मागे. मागच्या दोन रांगांना वर्षभरात त्यांनी किती प्रश्न विचारले असतील? मी बसले त्या तीन तासांत एकही नाही. ती शांतता मुलांची होती की मागच्या रांगांनी आशा सोडल्याची होती, हे ओळखायला मापनी लागत नाही.

दुसऱ्या गणिताच्या. पक्क्या नास्तिक, तोंडाने फटकळ. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांनाही सोडायच्या नाहीत. ध्यानबिन तर सोडाच, त्यांना पाच मिनिटं एका जागी बसवायचं नाही. पण त्यांच्या तासाला मुलगा चुकीचं उत्तर द्यायचा तेव्हा त्या खडू त्याच्याच हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू कसं आणलंस ते दाखव, मला बघायचंय." खरोखरच बघायचं असायचं त्यांना! आणि मग वर्गाला सांगायच्या, "ह्याची चूक महत्त्वाची आहे, तुमच्यातल्या निम्म्यांनी वहीत हीच केली असेल." दहावीला त्यांच्याकडे गणितात नापास होणारी मुलं कमी असायची, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की, त्यांच्या वर्गात गणित येत नसलेली मुलंही हात वर करायची.

या दोघींनी ती प्रश्नावली भरली असती, तर कुणाचे गुण जास्त आले असते हे सांगायला नको.

इथेच या संशोधनांची मोठी अडचण आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं? शिक्षिकेनेच आपल्या आध्यात्मिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली भरायची आणि तिनेच आपण किती परिणामकारक शिकवतो त्याचीही भरायची. दोन्हीकडे स्वत:विषयी बरं लिहिणाऱ्या व्यक्तीचे गुण दोन्हीकडे जास्त येणारच की! त्यातून 'धन सहसंबंध' निघाला तर नवल ते काय? शिवाय सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. आयुष्याला अर्थ आहे असं वाटतं म्हणून तास चांगला होतो, की तास चांगला होतो, मुलं प्रेमाने भोवती जमतात, म्हणून आयुष्याला अर्थ आहे असं वाटतं? मला तरी दुसरी शक्यता तितकीच खरी वाटते. जूनमध्ये मरगळून आलेली शिक्षिका सप्टेंबरपर्यंत एखाद्या गुणी तुकडीमुळे फुललेली मी पाहिली आहे.

म्हणून जिथे कुणी तरी वर्गात जाऊन बसलं, मोजलं, अशी कामं मला जास्त विश्वासाची वाटतात. जेकब कूनिन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. स्वत:च्या तासाला पेपर वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी झापलं, तर न वाचणारी बाकीची मुलंही सावरून बसली. तिथून त्यांना या विषयाचा नाद लागला. त्यांनी कितीतरी वर्गांचं चित्रीकरण करून तपासलं. १९७० साली पुस्तक लिहिलं. त्यांना वाटलं होतं, चांगले शिक्षक गडबड झाल्यावर काही तरी वेगळं करत असतील. तसं काही निघालं नाही. रागावण्याची पद्धत चांगल्या वर्गात आणि बिघडलेल्या वर्गात जवळपास सारखीच. फरक होता तो आधीच. चांगल्या शिक्षकाचं लक्ष सगळ्या वर्गावर असायचं, फळ्यावर लिहितानाही. आणि मुलांना ते कळत असायचं. आपल्याकडे मुलं म्हणतात ना, 'बाईंना पाठीला डोळे आहेत', तेच.

दुसरं काम मेरी बड रो यांचं. एवढं साधं की हसू येईल. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात हे त्यांनी मोजलं. सरासरी एक सेकंद! एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न फिरवणार, दुसऱ्याला विचारणार, नाही तर स्वत:च उत्तर देऊन मोकळे होणार. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि जी मुलं कधी बोलायची नाहीत ती बोलू लागली. आणखी एक बोचरी गोष्ट त्यांना दिसली. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त वेळ थांबत आणि कच्च्या मुलांसाठी कमी. ज्याला वेळेची जास्त गरज, त्यालाच कमी वेळ.

हे वाचल्यावर मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तास ऐकायला लागले. आपल्याकडे कार्यभार जास्त, पोर्शन संपवायची घाई, त्यामुळे एक सेकंदही मिळत नव्हता कित्येकदा. "प्रकाशसंश्लेषणाला काय काय लागतं? सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि...?" असा प्रश्न, ज्यात उत्तर आधीच सांगून झालेलं, आणि शेवटचा शब्द वर्गाने एका सुरात म्हणायचा. सगळ्यांना वाटतं, वर्ग किती छान प्रतिसाद देतो! तुम्ही कधी पन्नास मुलांसमोर तीन सेकंद गप्प उभ्या राहिला आहात का? राहून बघा. फार लांब असतात ते. कुजबुज सुरू होते, आपल्याला वाटतं तास हातातून चालला. ते तीन सेकंद काढायला आत काही तरी शांत लागतं, हे मात्र मी मान्य करीन. त्याला कुणी एसक्यू म्हणणार असेल तर माझी हरकत नाही.

आणि अपेक्षेचं काय? रोझेंथाल आणि जेकबसन यांचा १९६८ सालचा प्रयोग बी.एड.ला सगळ्यांनी वाचलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की, ही मुलं यंदा बौद्धिकदृष्ट्या झेप घेणार. नावं खरं म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेरी पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची प्रगती खरंच जास्त दिसली. वरच्या इयत्तांत परिणाम फारसा नव्हता, आणि त्या प्रयोगावर पुढे टीकाही भरपूर झाली, हे परीक्षेत लिहायचं राहून जातं. पण जातीवरून, वस्तीवरून, आडनावावरून मुलाचं भविष्य मनात आधीच लिहून टाकणारे शिक्षक ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातलं खरं काय ते कळेल.

शिक्षकांच्या मन:शांतीसाठी प्रशिक्षण दिलं तर वर्ग सुधारतो का, यावरही चांगलं काम झालंय. न्यूयॉर्कमधल्या ३६ प्राथमिक शाळांतल्या २२४ शिक्षकांवर पॅट्रिशिया जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींना सजगतेचं प्रशिक्षण दिलं, काहींना नाही, आणि बाहेरच्या निरीक्षकांनी वर्गात बसून नोंदी केल्या. प्रशिक्षण घेतलेल्यांचा ताण कमी झाला आणि वर्गात मुलांना मिळणारा भावनिक आधारही वाढलेला दिसला. म्हणजे या दिशेला काहीच नाही असं मी म्हणत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. आमच्याकडच्या एका अनुभवाने ती सुरू झाली.

नववीला एक मुलगी होती. मधल्या, ना पुढच्या ना मागच्या. विज्ञानाच्या बाई तिच्या वर्गशिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तिने डबा आणायचं बंद केलंय, आणि वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहायची सवय होती, ती गेली." बास, एवढंच! हजेरी व्यवस्थित होती, सहामाहीचे गुण तेवढेच होते. हजेरीपटात आणि प्रगतिपुस्तकात यातलं काहीच दिसलं नसतं. बाईंनी आठवडाभर तिला काही विचारलं नाही, फक्त प्रयोगशाळेतल्या काचा पुसायला मधल्या सुट्टीत थांबवून घ्यायला लागल्या. पाचव्या की सहाव्या दिवशी मुलगी बोलली. लग्न ठरवलं होतं. पंधरा वर्षांची पोर. वैशाखातली तारीखही धरलेली.

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. मुख्याध्यापिका, बाई आणि मी घरी गेलो. वडिलांनी चहा दिला आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, की बाई, तुमची शाळा दहावीपर्यंत, पुढची जबाबदारी माझी. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे हे आम्ही सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. १०९८ हा नंबर फळ्यावर लिहिलेला सगळ्या मुलींनी पाहिला होता, वेळ पडली तर आम्हीच तो फिरवणार हेही आम्ही लपवलं नाही. चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मुलीची आजी आमच्या बाजूने झाली, तिचं स्वत:चं तेराव्या वर्षी झालेलं. लग्न पुढे ढकललं गेलं. मुलगी दहावी झाली, साठ टक्क्यांच्या आसपास. नंतर बारावीही. त्यापुढचं मला माहीत नाही.

आता सांगायची गोष्ट ही, की त्या विज्ञानाच्या बाई तेव्हा विनाअनुदानित तुकडीवर होत्या. अनुदान आज येईल, उद्या येईल या आशेवर वर्षानुवर्षं काढलेली. संस्था देईल ते मानधन, तेही नियमित नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यांना वर्गातल्या एका मुलीचा न आलेला डबा दिसला. कसा दिसला, याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. पण याच बाईंना एका शिबिरात एका पाहुण्या वक्त्याने हसत हसत सांगितलं होतं, "मॅडम, घरचं टेन्शन उंबरठ्याबाहेर चपलेसारखं काढून ठेवायचं. पगाराकडे बघून शिकवाल तर थकाल, समर्पणाने शिकवाल तर थकणार नाही." टाळ्या पडल्या. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, पर्समधून रिक्षाचे सुट्टे पैसे मोजत होत्या.

समर्पणाचं उदाहरण म्हणून अशा शिबिरांत साने गुरुजी हमखास येतात. यावेत. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या हायस्कुलात होते, तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांचं अंथरूण आवरणं, त्यांच्या खोल्या झाडणं ते स्वत: करत, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. १९३०च्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यांचं अध्यात्म कुठे होतं, हे बघायचं तर १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी केलेलं उपोषण बघावं. पण गुरुजींचं नाव घेऊन शिक्षिकेने पगार मागू नये असं सुचवणं, हे मला चलाखीचं वाटतं. गुरुजींना संसार नव्हता. छात्रालयातून परत येऊन त्यांना चौघांचा स्वयंपाक करायचा नव्हता. आणि तरीही मुलांची अंथरुणं काढणारा पुरुष आपल्याला संत वाटतो, घरी-दारी तेच काम करणारी बाई नुसती 'बाई' राहते, हेही आहेच.

आकडे बघा ना. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. म्हणजे पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून महिना १८ हजार झालं, त्याआधी कित्येक वर्षं ते आठ हजारांवर अडकलं होतं. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना शाळाबाह्य कामं देऊ नयेत म्हटलं, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतली मदत वगळून. आणि ऑनलाइन भरायची माहिती कशात धरायची हे कुणी सांगत नाही. तुकडीत पन्नासच्या वर मुलं. संचमान्यतेत पद टिकेल की आपण 'अतिरिक्त' ठरू याची दर वर्षी धाकधूक. या सगळ्यावर उपाय म्हणून 'शिक्षकांची आध्यात्मिक बुद्धिमत्ता वाढवण्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात' अशी शिफारस जेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात येते, तेव्हा मला त्या सुट्ट्या पैशांची आठवण होते. कार्यशाळा स्वस्त पडते. तुकडीतली मुलं कमी करणं महाग पडतं.

कृष्णमूर्तींच्या शाळांमध्ये, ऋषी व्हॅलीत किंवा आपल्या राजगुरुनगरजवळच्या सह्याद्री शाळेत, शांत बसण्याला दिनक्रमात जागा आहे. 'अस्ताचल' म्हणतात, मावळतीला मुलं आणि शिक्षक काही न बोलता बसतात. सुंदरच आहे ते. पण ती निवासी शाळा, डोंगरातली. आमच्याकडे मावळतीला मुली पाणी भरायला धावतात आणि बाई लोकल पकडायला.

मग शिक्षकांची परिणामकारकता कुणाला विचारायची? आमच्या गणिताच्या बाईंचं उत्तर ठरलेलं होतं : "ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना." त्यांच्याच आग्रहाने आम्ही दोन वर्षं नववी-दहावीच्या मुलांकडून निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. प्रश्न एकच : कुठल्या तासाला तुम्हाला समजतं, आणि का? नावं लिहायची नाहीत, ना स्वत:चं, ना शिक्षकांचं. फक्त विषय लिहायचा. स्टाफमध्ये बरीच कुरकुर झाली. मुलं काय वाट्टेल ते लिहितील, शिस्त राहणार नाही, वगैरे. दोघा-तिघांनी तर आपल्या विषयाचं पाकीट उघडलंच नाही.

वाट्टेल ते काही आलं नाही. 'चुकलं तर हसत नाहीत.' 'पुन्हा सांगताना कंटाळत नाहीत.' 'आजारी होतो तेव्हा वही पूर्ण करायला आठ दिवस दिले.' 'सही करताना वाचतात, मध्ये मी मुद्दाम गाणं लिहिलं होतं ते सापडलं.' 'आमच्या वस्तीचं नाव चांगलं घेतात.' ही शेवटची चिठ्ठी मी कितीतरी दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. 'प्रेमळ आहेत' असं लिहिणारे थोडेच निघाले. मुलं फार नेमकं लिहितात. तक्रारीही तशाच नेमक्या. 'उत्तर सांगायच्या आधीच बस म्हणतात.' 'फक्त खिडकीकडच्या रांगेला विचारतात.'

भूगोलाच्या बाईंना एक आली होती : 'फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागे ऐकू येत नाही.' बाईंना राग आला. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांची, आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात गेल्या, एका मुलाला फळ्याकडे तोंड करून धडा वाचायला सांगितलं आणि स्वत: जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. रस्त्यावरच्या एसटीचा आवाज, वर घरघरणारा पंखा. दोन परिच्छेद होईपर्यंत बसून राहिल्या. तेव्हापासून त्या नकाशा काढताना बोलत नाहीत. आधी काढून घेतात, खडू खाली ठेवतात, मुलांकडे वळतात आणि मग सुरुवात करतात.